धोंडीतात्यांचा सातवा चेंडू

मंगळवारी सकाळी सात वाजता मिरजेच्या दवाखान्यात धोंडीतात्या वारले. दुपारी त्यांना निंबसरला आणलं. चार वाजता ओढ्याकाठी अग्नी दिला. रविवारी शेजारच्या पळसदरा गावाबरोबर क्रिकेटचा सामना होता, तो पुढं ढकलला.

मी मूळचा वाईचा. शिराळ्याच्या अलीकडच्या या निंबसर गावात हायस्कूलवर मराठी शिकवायला आलो आणि निवृत्त होऊनही इथंच राहिलो. क्रिकेट मला येत नाही. अक्षर बरं, म्हणून गावानं सामन्यात धावा लिहायला बसवलं. त्यामुळं तात्यांना मी वर्षानुवर्षं बहुधा एकाच ठिकाणावरून पाहिलं, मैदानाबाहेरच्या बाभळीखालून. तिथून त्यांचा चेहरा नीट दिसत नसे. हात तेवढे दिसत. आणि आमच्या गावाचं जे काही व्हायचं, ते त्या हातांवरच ठरायचं.

तात्या अंपायर होते. आमच्या भागात गावोगावच्या सामन्यांत एक रीत आहे. जी बाजू फलंदाजी करते तिनंच अंपायर द्यायचा. अंपायर आपल्याच गावचा, म्हणजे तो आपल्या माणसावर सहसा बोट वर करणार नाही, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. समोरच्या गावाचा अंपायरही तेच करतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही. दोन्हीकडून सारखंच खोटं, म्हणजे खेळ बरोबरीचा. या रीतीत तात्या बसत नव्हते. ते आपल्या गावाच्या माणसाला बाद द्यायचे. एकदा नाही, दर वेळी. त्यामुळं निंबसरला ते नको असायचे आणि पळसदऱ्याला दोन्ही डावांना तेच हवे असायचे. पळसदऱ्याचा निरोप दर वर्षी ठरलेला असे: धोंडीतात्या उभे राहणार असतील तर सामना, नाहीतर राहू द्या.

त्यात आणखी एक गुंता होता. तात्यांची बायको, हौसाकाकी, पळसदऱ्याची. पळसदऱ्याचा कप्तान गणपा हा तिचा सख्खा धाकटा भाऊ. आपला एखादा गडी बाद झाला की आमच्याकडच्या पोरांचं एकच पालुपद असे, "तात्यांना आज भाकरी मिळायची हाय घरात." हौसाकाकींनी ते एकदा ऐकलं. पदर खोचून त्या सरळ मैदानात आल्या आणि त्या पोराला म्हणाल्या, "माझ्या माहेराला जिकायला ह्यांची गरज न्हाई रं. तुमी खेळता तसं खेळत ऱ्हावा, बास हाय."

तरुणपणी तात्या माधवनगरला कापडाच्या गिरणीत होते. गिरणीचा संघ होता, चामड्याचा चेंडू होता, आणि तात्या त्या संघात कधीच नव्हते. विणकाम खात्यातल्या कोणा मास्तरांनी त्यांना अंपायरिंग शिकवलं. गिरणी बंद पडली तेव्हा तात्या गावी परतले ते दोन वस्तू घेऊन. एक म्हणजे इंग्रजीतलं नियमांचं पुस्तक, आणि दुसरी, छातीत बसलेला कापसाचा तंतू. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. दर दिवाळीच्या सुट्टीत ते पुस्तक कापडात गुंडाळून माझ्याकडं आणायचे. मी वाचून अर्थ सांगायचो, ते डोक्यावर टोपी घालून, मांडी घालून ऐकायचे. पोथीसारखं. मधेच विचारायचे.

"ह्यात म्हशीचं काय लिवलंय?"

"म्हशीचं काही नाही तात्या."

"खेळपट्टीवर म्हस आडवी आली तर?"

"नाही लिहिलेलं."

"मग लिवणाऱ्यानं खेळ लांबनं बघितलाय," असं म्हणून ते पुढचं वाचायची खूण करत.

पांढरा कोट त्यांनी मिरजेतून घेतला होता. तिथं दवाखान्यांच्या रस्त्यावर डॉक्टरांचे कोट शिवून मिळतात, त्यांतलाच एक. परगावच्या सामन्याला तो घालून ते एसटीनं निघत. एकदा मी बरोबर होतो. गाडीत एका बाईनं आपलं रडणारं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "डाक्तर, कान बघा वं ह्याचा."

"बाई, मी डाक्तर न्हाई. मी अंपायर हाय."

बाईला तो दवाखान्यातलाच कुठला तरी हुद्दा वाटला असावा. "असूंद्या, बघा तरी."

तात्यांनी चष्मा लावला. पोराचा कान खिडकीकडं वळवला, बराच वेळ आत पाहिलं, आणि म्हणाले, "मला कायबी दिसत न्हाई. दिसतंय असं म्हनलो तर खोटं हुईल. शिराळ्याला उतरा आन् कानवाल्याला दावा." मग शिराळ्याला स्वतःही उतरले, त्या बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडून आले, आणि सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला.

दिसलं तर दिसलं म्हणायचं, नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणायचं. त्यांचा सगळा कायदा इतकाच होता. ऐकायला सोपा वाटतो. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलो, आणि एवढी सोपी गोष्ट रोज करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

बाद देताना ते घाई करत नसत. आधी जमिनीकडं बघत, टोपी सारखी करत, मग बोट वर जाई, आणि बोटाबरोबर नाव. "पांडुरंगा, जा बाळा." लग्न झालेल्या, दोन पोरांच्या बापालाही बाळा. एकदा त्यांनी खुद्द सरपंचांना पायचीत दिलं. टेनिसच्या चेंडूवर आमच्याकडं पायचीत कोणी देत नाही. चेंडू पायाला लागला तर लागला. सरपंच बॅट टेकवून उभेच राहिले.

"तात्या, पाय माझा हाय."

"पाय तुमचाच हाय. मागची तीन लाकडं त्यांची हायती."

"माझ्या गावात, माझ्या मैदानावर..."

"मैदान न्हवं ते. नामदेवचं रान हाय. त्यानं उसाचं खोडवं काढलं म्हनून आपुन खेळतोय. त्याची नव्या उसाची लागण व्हायच्या आत चला बघू."

आणि सरपंच गेले. हे मला नेहमी नवल वाटायचं. शिव्या देत, पाय आपटत, पण माणसं जात. सहा फुटांचे फौजी सुट्टीवर आलेले असत, तेही जात. तात्या पाच फूट दोन इंच होते.

बैलगाडीची गोष्ट तर दोन्ही गावांत अजून सांगतात. नामदेवच्या रानातूनच वस्तीकडं जायची वाट. सामना चालू असताना उसाच्या वाड्यानं, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यानं भरलेली गाडी मधून चालली होती, आणि आमच्या गड्यानं मारलेला चेंडू नेमका त्या वाड्यात जाऊन पडला. गाडीवान आमच्या गावचा. त्यानं मागं वळून पाहिलं, काय झालं ते ओळखलं, आणि थांबायचं सोडून बैलांना चाबूक दाखवला. गाडी मैदानाला गोल फिरायला लागली. मागं पळसदऱ्याचे चार गडी धावताहेत, एक जण वाड्यावर चढून चेंडू चाचपतोय, इकडं आमची जोडी पळते आहे आणि सगळं निंबसर एका सुरात धावा मोजतंय. अकरा झाल्या तेव्हा तात्या चालत गेले आणि हात वर करून बैलांच्या पुढं उभे राहिले. बैल थांबले. तात्यांनी माझ्याकडं दोन बोटं दाखवली.

"दोनच?" आमचा सगळा संघ धावून आला.

"गाडीवानानं मागं बघितलं तवा दोन झाल्या हुत्या," तात्या म्हणाले. "त्याच्या फुडच्या बैलांच्या."

मैदानावर ते काही टाकत नसत. खेळपट्टीवर काडी दिसली, खडा दिसला, की वाकून उचलत आणि कोटाच्या खिशात घालत. विडीचं थोटूकसुद्धा दुसऱ्यांनी टाकलेलं त्यांच्या खिशात जाई. चेंडू मोजायला त्यांच्याकडं सहा चिंचोके होते. षटक सुरू होताना सहाही डाव्या खिशात. प्रत्येक चेंडूला एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. डावा खिसा रिकामा झाला की षटक संपलं. त्या सहा चिंचोक्यांवर दोन गावांचा जेवढा विश्वास होता तेवढा ग्रामपंचायतीवर नव्हता.

त्या सामन्याचं आता सांगायला हवं.

आमची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी पळसदऱ्याशी आठ षटकांचा सामना. हरलेल्या गावानं त्याच संध्याकाळी जिंकलेल्या गावाला मटणाचं जेवण घालायचं, ही दुसरी रीत. आम्ही ओळीनं अकरा वर्षं जेवण घालत होतो. गावातल्या बायका आता सामन्याचा निकाल लागायची वाट न बघता दुपारीच पीठ चाळून ठेवायच्या. आमचा कप्तान सर्जेराव, सगळे त्याला सर्जा म्हणत, फौजेत होता. त्यानं त्या वर्षी मुद्दाम रजा जुळवून घेतली होती आणि देवळात नारळ फोडून सांगितलं होतं, "औंदा चूल त्यांच्यात पेटंल."

पळसदऱ्यानं एकसष्ट केल्या. आमच्या सात षटकांत बावन्न झाल्या. सातव्या षटकाचा शेवटचा चेंडू सर्जाच्या जोडीदारानं असा उचलला की तो नामदेवच्या विहिरीत गेला. बादली सोडून तो काढेपर्यंत दहा मिनिटं गेली. सगळे जिथल्या तिथं बसले. तात्या पुढच्या षटकासाठी चिंचोके डाव्या खिशात भरून चुलीच्या दगडासारखे जागेवरच बसले होते. गणपा त्यांच्याजवळ येऊन बसला. त्याच्या खिशात खायला भाजलेले चिंचोके होते. आमच्याकडं वेळ घालवायला माणसं ते चघळतात.

"घ्या दाजी. तोंड हलवा जरा."

"दाढा कुटं ऱ्हायल्यात गणपा."

"चघळा तरी. तुमचं गाव हरतंय, तेवढाच इरंगुळा."

तात्या हसले. दोन-तीन चघळले. एक हातालाच फार टणक लागला असावा. तोंडात न घालता तो तसाच हातात राहिला. एवढ्यात चेंडू आला, सगळे उठले.

शेवटचं षटक. दहा धावा हव्या होत्या, समोर सर्जा. पहिल्या चेंडूवर काही नाही. दुसऱ्यावर दोन. तिसरा बाहेरून निघून गेला, सर्जा चुकला. चौथ्यावर दोन, पाचव्यावर दोन. सहाव्याला सर्जानं डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू मागं यष्टिरक्षकाच्या हातात गेला. चार हव्या होत्या, चेंडू संपले होते.

माझ्या वहीत दर षटकाला सहा चौकटी आखलेल्या असतात. सहाही भरल्या होत्या. मी पेन्सील खाली ठेवली. पळसदऱ्याचे गडी उड्या मारायला लागले, आणि तेवढ्यात मला दिसलं की तात्यांचा हात डाव्या खिशात गेला आहे आणि तिथंच थांबला आहे.

"ऱ्हावा," ते म्हणाले. "एक हाय अजून."

गोलंदाज पळसदऱ्याचाच, लुकडा, काळा पोरगा. तो म्हणाला, "झालं न्हवं तात्या?"

"एक ऱ्हायलाय."

आणि तो पोरगा मुकाट्यानं चेंडू घेऊन मागं चालत गेला. गणपानंही एक शब्द काढला नाही. गड्यांना हातानं जागेवर जायला सांगितलं. दुसऱ्या कुठल्याही अंपायरनं असं म्हटलं असतं तर तिथं स्टंप उपसले गेले असते. तात्या म्हणतात ऱ्हायला, म्हणजे ऱ्हायला.

मी अर्धा उठलो होतो. माझ्या डाव्या बाजूला आमचं सगळं गाव उभं होतं. अकरा वर्षं हरलेलं गाव. त्यांचे चेहरे पाहिले आणि मी खाली बसलो.

सातवा चेंडू सर्जानं उभ्या उसात मारला. सहा.

त्या संध्याकाळी पळसदऱ्यात आम्ही जेवलो. त्यांनी बोकड कापला होता. गणपानं स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाढलं. सर्जाला पोरांनी खांद्यावरून आणलं होतं, जेवायला बसतानाच खाली उतरवलं. तात्याही पोटभर जेवले. हसत होते. मला जेवण गेलं नाही, पण ते कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. मी एरवीही कमीच जेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो होतो. तात्या दारात उभे. उजवी मूठ पुढं केली आणि उघडली. तळहातावर सात चिंचोके होते. सहा नेहमीचे, घासून गुळगुळीत झालेले. एक भाजलेला, करपलेल्या सालीचा.

"हिनं कोट धुवाया घेतला तवा घावलं," ते म्हणाले. "टाकाय नगं म्हनून खिशात घातला गेला असंल. वही दावा."

मी वही दाखवली. शेवटच्या षटकात सहा चौकटी आणि सातवा आकडा चौकटीबाहेर, समासात.

"ह्यो भाईर का लिवलाय?"

"आत जागा नव्हती."

तात्या त्या आकड्याकडं बघत राहिले. "जागा न्हवती, म्हंजे ठावं हुतं."

 ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "लिवलं तर खरं तुमी. खोडलं न्हाई. बरं झालं." मग टोपी सारखी केली. "पळसदऱ्याला जाऊन येतो."

"वही घेऊन मी येतो."

"या. वही ठेवा घरात. वही बघितली की तुमचं नाव निगंल. मोजायचं काम माझं हुतं."

मी त्यांच्या मागून गेलो. शाळा बुडवली. पळसदऱ्याच्या देवळापुढं गणपा आणि आठ-दहा माणसं बसली होती. तात्यांनी उभ्यानंच सांगितलं, "काल सहा चेंडूंत आमी हरलो. सातवा माझ्या चुकीनं पडला. सामना तुमचा."

पहिल्यांदा कोणाला समजलंच नाही. समजलं तेव्हा गणपा उठून उभा राहिला. "आवं दाजी, बोकड खाल्लासा की तुमी!"

"व्हय. चांगला हुता."

"मग आता? पोटातनं काढून देणार व्हय?"

"आमी जेवान घालतो. रीत हाय ती."

भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ह्यात कायतरी डाव हाय बगा. जिकल्याला मानूस कवा हरलो म्हनून सांगाय येतो व्हय?" मग तात्यांनी मूठ उघडून तो भाजलेला चिंचोका गणपाला दाखवला. गणपानं आपला माल ओळखला. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "म्हंजे मीच हरवलं की सगळ्यांस्नी!" तो हसत होता, आणि त्यानं तात्यांचा हात धरला होता, तो सोडत नव्हता.

निंबसरमध्ये कोणी हसलं नाही. पारावर माणसं जमली. सर्जा तात्यांच्या समोर उभा राहिला, रजेचे दोन दिवस उरलेले.

"कुनी इचारलं हुतं तात्या? कुनी तक्रार केली हुती?"

"न्हाई."

"मग?"

"मला दिसलं रं."

"बायकूच्या माह्यारासाठी गाव घालवलंसा तुमी," सर्जा म्हणाला. "आजपास्नं निंबसरचा अंपायर तुमी न्हाई."

पारावरच्या कोणीही त्याला अडवलं नाही. मीही तिथं होतो. सात चेंडू मीही मोजले होते, हे सांगायला तोंड उघडायला हवं होतं. तात्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान किंचित हलवली, नको म्हणून. मी ती मान्यता समजलो. माणूस स्वतःला सोयीचं ते समजतो.

गावानं जेवण घालायचं नाकारलं, तेव्हा तात्यांनी आपल्या दारात घातलं. आमच्या गावची एकही बाई भाकरी भाजायला आली नाही. हौसाकाकी एकट्या परातीशी बसल्या होत्या. पळसदऱ्याची माणसं आली, बायकांनी चुलीकडं पाहिलं, आणि पाहुण्या म्हणून आलेल्या त्या साऱ्याजणी बांगड्या मागं सारून पीठ मळायला बसल्या. एक जण काकींना म्हणाली, "आक्के, जिकल्यावर बी आमालाच थापाय लागत्यात भाकरी. मग जिकायचं कशाला?" काकींनी हसता हसता डोळ्याला पदर लावला. मी ताकाचे पेले वाटत होतो.

त्यानंतर चार वर्षं सामने झाले. अंपायर प्रत्येक बाजूचा आपापला. तात्या दर वर्षी येत. कोट न घालता, साध्या सदऱ्यावर, बाभळीखाली माझ्या शेजारी बसत. तिथं पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा जवळून दिसला. चेंडू पडला की त्यांची बोटं मांडीवर हलत. दर वर्षी गणपा येऊन म्हणे, "दाजी, आमच्या डावाला तरी उभं ऱ्हावा." दर वर्षी तात्या म्हणत, "मी निंबसरचा हाय. माझं गाव बोलावंल तवा." एकदा मी त्यांना विचारलं, वाईट वाटतं का. ते म्हणाले, "वाटतं की. पर चेंडू सातच हुते."

त्यांना बोलावणं हवं होतं. दुसरं काही त्यांनी त्या चार वर्षांत मागितलं नाही, आणि हेही तोंडानं मागितलं नाही. जत्रा जवळ आली की मिरजेहून औषध घेऊन परतल्यावर ते काकींना विचारत, "कुनी यून गेलं का?" कोणी आलेलं नसे.

या वर्षी छाती फारच भरली. मिरजेला दाखल केलं. ते वारायच्या दोन दिवस आधी, रविवारी दुपारी मी तिथं बसलो होतो, काकी खुर्चीत डुलकी काढत होत्या, आणि दारात सर्जा दिसला. रजेवर आला होता. मिशीत थोडे पांढरे. चपला बाहेर काढून आत आला आणि नमस्कार न करता खिशातून मोबाईल काढला.

"तात्या, त्या षटकाचं शूटिंग घावलंय. माझ्या मावसभावानं केलं हुतं. ह्यो तिसरा चेंडू बघा. वाईड हाय. तुमी दिला न्हाई. दिला असता तर एक चेंडू वाढला असता. म्हंजे सात बरोबर." तो एका दमात बोलला. वाटेत बऱ्याच वेळा म्हणून पाहिलं असावं. "तुमचं चुकलंच न्हवतं तात्या. मी गावात दावतो समद्यांना."

मी सर्जाकडं पाहिलं. तो पाच वर्षांपूर्वीचा सामना जिंकायला आला नव्हता. तो तात्यांना सोडवायला आला होता. त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. हात दोन्ही बाजूंना पसरायचे होते, वाईडला पसरतात तसे. झोपल्या झोपल्या.

तात्यांनी मला उशी वर करायला सांगितली. चष्मा मागितला. ऑक्सिजनची नळी बाजूला घेतली. चित्र एकदा पाहिलं, म्हणाले, "परत." पुन्हा पाहिलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान लांब करून बघत होता, त्याचा मुलगा उभा राहिला, औषध द्यायला आलेली नर्स तिथंच थांबली. तिसऱ्यांदा पाहून झालं तरी तात्यांचे हात चादरीवरच होते.

"वाईड न्हाई," ते म्हणाले.

"आवं तात्या, किती लांबनं गेलाय!"

"तू मागं सरलास. हितं बघ, पाय. जाग्यावर ऱ्हायला असतास तर बॅटला आला असता." दम लागला, थांबले. "भ्यालास तू."

सर्जानं चित्र स्वतः परत एकदा पाहिलं. मग हसायला लागला, तोंडावर हात ठेवून, दवाखाना म्हणून. "बॉर्डरवर न्हाई भ्यालो तात्या. त्या काळ्या बारक्याला भ्यालो."

"लय जोरात टाकायचा," तात्या म्हणाले.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "मला बी वाईड वाटला हुता."

"तुमी लांबनं बघितला," तात्यांनी त्याला सांगितलं.

सर्जानं मोबाईल खिशात घातला. खाटेच्या कडेला बसला आणि त्यांचे पाय दाबायला लागला. दाबता दाबता म्हणाला, "फुडच्या ऐतवारी सामना हाय. तुमी उभं ऱ्हायचं. दोनी डाव. निंबसर बोलावतंय."

"गावाला इचारलंस?"

"गावाला मी बघतो."

तात्यांनी काकींच्या खुर्चीकडं पाहिलं. "कोट धुवाय सांग हिला," ते म्हणाले. काकी जाग्याच होत्या. त्या म्हणाल्या, "धुतल्यालाच हाय."

मी त्यांना जिवंत शेवटचं पाहिलं ते असं. उशीला टेकून बसलेले, डोळ्यांवर चष्मा तसाच, पायाशी सर्जा, आणि दोन्ही हात चादरीवर स्थिर.

बाहेर पडल्यावर जिन्यात मी सर्जाला सांगितलं की त्या दिवशी सात चेंडू मीही मोजले होते आणि बोललो नाही. तो दोन पायऱ्या उतरला. "मग तवा बोलला असतासा सर," तो म्हणाला, "तर तात्या एकलं पडलं नसतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. मी पारावर हेच सगळ्यांसमोर सांगितलं, पण ते तेराव्याच्या दिवशी. ऐकून घेतलं लोकांनी.

सामना पंधरा दिवसांनी झाला. आम्ही तीन धावांनी हरलो. अंपायर दोन्ही गावांचे आपापले होते. आता जवळजवळ प्रत्येक षटकात भांडण होतं, आणि आठ षटकांचा सामना संपायला दिवस मावळतो.